न घेतलेलं नाव

त्या दिवशी मुंजाजी नेहमीपेक्षा लवकर घरी परतला आणि तेवढ्यानंच सगळा घोटाळा झाला. एरवी त्याचा नेम ठरलेला. सकाळची भाकरी खाल्ली की काठी घ्यायची, रेल्वेच्या पुलापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचं, भगवानराव नावाचा एक निवृत्त पोस्टमन तिथं येतो त्याच्यासोबत साऱ्या दुनियेची उणीदुणी काढायची आणि उन्हं डोक्यावर आली की घर गाठायचं. पण भगवानराव लेकीकडं सोनपेठला गेला होता, आणि उणीदुणी एकट्यानं काढण्यात काही राम नसतो. म्हातारा उठला, परभणीतल्या आपल्या त्या पत्र्याच्या घरांच्या गल्लीत शिरला आणि दाराशी आला, तर आतून बाईमाणसाचा आवाज. नुसतं बोलणं नव्हे. हसणं, लाडीगोडी, मधेच गाण्याची एखादी ओळ, मधेच रागावल्याचं सोंग. सुनेची कुणी मैत्रीण आली असेल असं त्याला वाटलं. घरात परकी बाई असेल तर पुरुषानं शिरण्याआधी खाकरावं, ही रीत त्याच्या हाडात मुरलेली होती. तो खाकरला. आतलं बोलणं जागच्या जागी थांबलं. तो आत गेला तेव्हा मैत्रीण-बित्रीण कुणी नव्हतं. सून रुपाली डोक्यावर पदर ओढत लगबगीनं स्वयंपाकाच्या खोलीत निघाली होती आणि खाली गोधडीवर सात महिन्यांची नात वरच्या पत्र्याकडं डोळे लावून पडली होती.

मुंजाजी बाजेवर बसला. काठी भिंतीला टेकवायची तेही राहिलं. सुनेला असा आवाज आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून त्यानं तिच्या तोंडून ऐकलं होतं ते एवढंच, ‘मामा, वाढलंय’ आणि ‘मामा, पाणी’. तेही दाराआडून, जमिनीकडं बघून. त्याला याचा अभिमानच होता. चारचौघांत तो सांगायचा की आमची सून लय गरीब, घरात हाय का न्हाई ते बी कळत न्हाई. आता कळलं होतं. ती होती, चांगली भरभरून होती, आणि ती बोलत होती ती या लेकराशी. म्हणजे रोजच बोलत असणार, तो टपरीवर गेला की. आणि तो आला की थांबत असणार. पण त्याला खरं टोचलं ते वेगळंच. तो उंबऱ्यात पाय टाकत होता तेव्हा गोधडीवर लेकराचे पाय चालत होते, हवेत, सायकल मारल्यासारखे. बोलणं थांबल्यावर ते थोडा वेळ चालले, मग हळू झाले, मग टेकले. त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ती नुसती पत्र्याकडं बघत होती, आणि तिचं ते बघणं म्हणजे कशाकडंच न बघणं होतं.

या लेकराचं सगळंच आगळं. रुपालीला आठवा महिना लागतो न लागतो तोच ती आली, मुठीएवढं तोंड घेऊन, आणि दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली. पेटीतून निघाली, अंगावर थोडं मांस धरलं, दूध प्यायला लागली, पण माणसाकडं काही बघेना. टाळी वाजवली तर दचकायची, पण टाळी कुणी वाजवली ते बघायला मान वळवायची नाही. सुरज, मुंजाजीचा मुलगा, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मालाचा टेम्पो चालवतो. त्यानं टेम्पोचा एक दिवस बुडवून तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. कान चांगले आहेत म्हणाले, डोळेही चांगले आहेत. लेकरू आधी आलंय, त्याला उशीर लागणार, पण घरच्यांनी त्याच्याशी बोलायला पाहिजे, खेळायला पाहिजे. संक्रांत झाल्यावर परत दाखवा, आणि तोवर हाकेला वळली नाही तर नांदेडच्या मोठ्या डॉक्टरकडं पाठवावं लागेल. सुरजनं हे दारात उभं राहून, बापाच्या तोंडाकडं न बघता सांगितलं. आणि सांगून होताच तो उगीच टेम्पोच्या चाकाची हवा बघायला गेला. मुंजाजीला तेव्हा मनोमन वाटलं होतं की डॉक्टर लोक काहीही बोलतात. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी बोलायचं तरी काय?

कारण मुंजाजीनं जन्मभर जी लेकरं बघितली ती मेंढरांची. बोरीच्या माळावर, जिंतूरच्या वाटेला, ओढ्याकाठच्या काट्याकुट्यांत. कोकरू पडलं की मेंढी त्याला चाटते, ते धडपडत उठतं, पडतं, पुन्हा उठतं, आणि आपण चिलीम भरून होईस्तोवर आईच्या आचळाला लागलेलं असतं. दुसऱ्या दिवशी कळपासोबत चालायला तयार. माणसाचं लेकरू मात्र वर्षभर पडून. माणूस घडवताना देवाला एवढा वेळ का लागावा, हे कोडं त्याला ऐन तरुणपणापासून होतं. गुडघे गेल्यावर मेंढरं विकली, घोंगडं घेऊन लेकाकडं शहरात राहायला आला, तरी कोडं सुटलं नव्हतं. आणि मग मागच्या महिन्यात अंगणवाडीत आजी-आजोबांचा मेळावा झाला. अंगणवाडीच्या ताई, बबिता, घरोघर सांगून गेल्या होत्या. रुपालीला मनातून फार वाटत होतं की घरातल्या कुणीतरी जावं, पण सासऱ्याला कोण सांगणार. शेवटी सुरजनं चपला घालता घालता ‘आबा, तुमी जाऊन येता का’ म्हटलं, आणि हा गेला. चहा मिळेल अशी आशाही होती.

बबितानं सगळ्यांना गोल बसवलं आणि हातात लाल लोकरीचा गुंडा घेतला. लेकराला न्हाऊ घालताना तुम्ही काय बोलता, असं एका म्हातारीला विचारलं, तिनं सांगितलं, तिच्या हातात धाग्याचं टोक दिलं आणि गुंडा समोरच्या बाईकडं फेकला. ती म्हणाली, आमी भाकरी करताना पिठाचा गोळा देऊन बसवतो, म्हणतो तू बी थाप. तिलाही धागा. गुंडा इकडून तिकडं फिरत राहिला, आणि बघता बघता मधे लाल जाळं झालं. फिरत फिरत गुंडा मुंजाजीच्या हातात आला. तुम्ही नातीशी काय बोलता बाबा, बबितानं विचारलं. त्यानं आपला धागा बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाला, “ही लोकर न्हाई. मिलचं सूत हाय हे.” सगळे हसले, तीही हसली. मग तिनं जाळ्यावर एक स्टीलची ताटली ठेवली. ताटली राहिली. ज्यांनी काही सांगितलं नव्हतं त्यांनी आता धागा सोडा, असं ती म्हणाली, तसे मुंजाजीनं आणि आणखी दोघांनी धागे सोडले. जाळं एका अंगानं ढिलं पडलं आणि ताटली घसरत त्याच्याच पुढ्यात येऊन आदळली. बबिता सांगत होती की पहिल्या दोन-तीन वर्षांत लेकराच्या डोक्यात असेच धागे जोडले जातात, इतक्या झपाट्यानं की पुढं उभ्या आयुष्यात तसे कधीच नाहीत. कुणी त्याच्याकडं बघून बोललं, त्यानं हुंकार दिला, आपण परत बोललो, की धागा. जे धागे कुणी वापरत नाही ते वाळून जातात.

मुंजाजी ते ऐकून घरी आला आणि त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्याची नजर लेकराच्या टाळूवर जायला लागली. टाळू अजून भरली नव्हती. तेल लावलेल्या विरळ केसांखाली ती मऊ जागा उडत असायची, वर-खाली, वर-खाली. ह्याच्याखाली सूत निघतंय, असं त्याला वाटायचं आणि अंगावर काटा यायचा. त्यानं स्वतः टकळीवर लोकर कातली होती, डोंगर चढता चढता, मेंढरांमागं चालता चालता. सूत आपोआप होत नाही हे त्याला माहीत होतं. लोकर कितीही चांगली असो, पीळ द्यायला हात लागतो. म्हणजे देव हिला लोकर देऊन मोकळा झाला होता आणि पिळाचं काम घरच्यांवर सोपवून गेला होता. केवढा विश्वास म्हणायचा हा, तोही कुणावर, तर सुरज टेम्पोवाल्यावर, दाराआडच्या रुपालीवर आणि ज्याला विचारल्यावर सुताची जात तेवढी सांगता आली अशा एका म्हाताऱ्यावर. हे सगळं त्याला कळलं होतं, पण डोक्यात. कालपरवापर्यंत ते खाली उतरलं नव्हतं. आज उंबऱ्यात ते पाय थांबताना पाहिले तेव्हा उतरलं. हिचे धागे कोण सोडतंय ते त्याला कळलं. घरात तो बसला की सून बोलत नव्हती. घरात तो बसला की सुरज लेकराला उचलत नव्हता, कारण बापासमोर स्वतःच्या लेकराला खेळवणं म्हणजे बेशरमपणा. मुंजाजीनंही आपल्या बापासमोर सुरजला कधी उचललं नव्हतं आणि त्याच्या बापानंही त्याला. त्यांच्यात चांगल्या घराची खूणच ती. आणि तो तर सकाळचे ते दोन-तीन तास सोडले तर सदा बाजेवरच असायचा. मान देता देता सगळ्यांनी मिळून त्या एवढ्याशा खोलीत शांतता करून ठेवली होती, आणि त्या शांततेत ती पत्रा बघत पडली होती.

दुसऱ्या दिवशी बबिता आपल्या फेरीवर घरी आली. तुरीचे दाणे भरलेली प्लास्टिकची बाटली तिनं लेकराच्या कानाजवळ हलवली, रंगीत चिंधी डोळ्यांपुढून नेली, रुपालीला दोन-चार गोष्टी सांगितल्या. रुपाली पदर सावरत मान हलवत होती. मग बबितानं सहज विचारलं, “आणि हाक कशी मारता हिला? कासाबाई म्हणता, का दुसरं काही?”

ते नाव खोलीत पडलं आणि दोघंही दचकले. रुपाली भिंतीकडं वळली. मुंजाजीनं बाजेची दोरी घट्ट धरली. कासाबाई ही त्याची बायको. दोन वर्षांमागं गेली, नातवंडाचं तोंड न बघता. लेकरू पेटीत होतं तेव्हाच मुंजाजीनं ठरवून टाकलं होतं की पोरगी जगली तर तिला तिच्या आजीचं नाव. बारशाला आत्यानं लेकराच्या कानात ते नाव कुर्रर्र करून सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, आणि त्यानंतर त्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. सासूचं नाव सून घेत नाही. आईच्या नावानं लेक हाक मारत नाही. आणि बायकोचं नाव नवरा घेत नाही; मुंजाजीनं ते लग्नात बायांनी अडवून धरल्यावर एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही अर्धं ओठांत. पुढं उभ्या संसारात ‘अगं ए’ आणि सुरज झाल्यावर ‘सुरजची माय’. तिला नावानं हाक मारणारे सगळे तिच्या माहेरी राहिले होते. अशा वेळी लोक लेकराला दुसरं घरगुती नाव ठेवतात आणि वाट काढतात. शेजारणीनं ‘पिंकी’ सुचवलंही होतं. तेव्हा मुंजाजीच डाफरला होता की आमच्यात पिंकी-बिंकी चालायची नाही, तिच्या आजीचं नाव कुणी मोडायचं नाही. म्हणून कुणी मोडलं नाही.

बबितानं घरातल्या एकेकाचं विचारलं आणि हळू आवाजातली उत्तरं ऐकत गेली. रुपाली म्हणाली, एकटी असल्यावर मी चिमणे म्हणते, मने म्हणते, सुचंल ते म्हणते. सुरज ‘ए बाळा’ म्हणायचा, तेही बाप नसताना. बबिता हसली नाही. ती लेकराकडं बघत होती. एकच नाव रोज कानावर पडलं की ते आपलं आहे हे लेकराला कळतं, असं ती शांतपणे सांगत होती. बोलल्यानं सगळंच ठीक होईल असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर बघतील, पण हिनं वळावं असं वाटत असेल तर आधी हाक तर पाहिजे. मग मुंजाजीकडं बघून म्हणाली, “बाबा, तुमी तिला कुणाच्या नावानं ठेवलंय ते मला कळतंय. पण ह्या घरात तिला हाक मारणारं हाय तरी कोण?”

ती गेल्यावर मुंजाजीनं विचार केला आणि त्याच्या परीनं सरळ वाट काढली. अडचण आपली आहे, तर आपण उठावं. बोरीला पुतण्या होता, सिताराम, त्याच्या गोठ्याशेजारी खोली होती. संध्याकाळी जेवताना त्यानं सुरजला सांगितलं की मला गावाकडं सोड, शहरात मन लागत न्हाई. सुरजचा घास हातातच राहिला. आपलं काही चुकलं का, असं त्यानं विचारलं, आणि मुंजाजीला खरं कारण सांगता येईना. सुनेच्या बोलण्याला मोकळीक मिळावी म्हणून सासरा घर सोडतोय, असं कोणत्या तोंडानं सांगणार? मग दाराआडून आवाज आला, कालचा, मोठा, गल्लीत ऐकू जाईल असा.

“मामा, तुमी गेलात तर मी मोकळं बोलंल, खोटं कशाला सांगू. पण तिची आजी तिला दिसली न्हाई, आता आजा बी न्हाई दिसायचा का? तुमी जाऊ नका. तुमी नुसतं खाकरू नका.”

सुरज तर दगडच झाला. त्याला वाटलं आता बाप ताट सारून उठणार. मुंजाजीला आधी राग आला, अंगात गरम चढलं, आणि मग तो राग कुठं टेकवावा ते त्याला कळेना, कारण पोरगी तंतोतंत खरं बोलली होती. त्यानं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, खाल्ला, पाणी प्यायला. लेकरू गोधडीवर कुरकुरायला लागलं. रुपाली पुढं झाली नाही. आपण बोललो त्याचीच तिला भीती बसली असावी. मुंजाजी सुरजकडं न बघता म्हणाला, “उचल तिला.” सुरजनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. “उचल म्हंतो ना. लेकरू तुझं हाय का दुसऱ्याचं?” सुरज हात धुऊन उठला. त्याचे कान लाल झाले होते. एवढा टेम्पो चालवणारा, पोती पाठीवर घेणारा बाप्या, पण लेकराखाली हात त्यानं काचेच्या भांड्याखाली घालावा तसा घातला. त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि ती गप्प झाली, त्याच्या मानेत नाक खुपसून. मुंजाजी बघत राहिला. आपल्या लेकानं लेकरू घेतलेलं तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. एवढी सुंदर गोष्ट पिढ्यान् पिढ्या आपण एकमेकांपासून का लपवली, असं त्याला वाटलं, आणि आपला बापही असाच कधी, कुणी नसताना, आपल्याला घेऊन उभा राहिला असेल का, हा विचार म्हाताऱ्याला या वयात पहिल्यांदा शिवला.

खांद्यावरून लेकराचं तोंड त्याच्याकडं होतं. त्यानं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि ते येईना. नाव घेतलं तर सुरजची माय नाहीच हे नक्की होईल अशी एक भीती त्याच्या पोटात होती; न घेता ती कुठं तरी आत, चुलीपाशी, असायची. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, “कासाबाई.” आवाज फाटका आला. सुरजनं मान खाली घातली. दाराआड भांडं वाजायचं थांबलं. लेकरानं काही केलं नाही. ती त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडं बघत होती, कशाकडंच न बघता. एका हाकेनं काय होतंय, मुंजाजी स्वतःशी म्हणाला, एका फेऱ्यानं कधी सूत झालंय?

दुसऱ्या दिवसापासून त्यानं टपरी सोडली. भगवानराव सोनपेठहून परत आला, दोनदा निरोप पाठवून थकला. मुंजाजी बाजेवरून खाली गोधडीशेजारी येऊन बसायला लागला, गुडघे कुरकुरले तरी, आणि बोलायला लागला. आधी चोरी केल्यासारखं, इकडंतिकडं बघून. मग सवयीनं. कासाबाई, आज ऊन बघ कसं पडलंय. कासाबाई, तुझ्या बापानं टेम्पोला हार घातलाय. सांगण्यासारखं काही उरलं नाही की तो तिला मेंढरांची सांगायचा, कुठल्या ओढ्याला पाणी टिकायचं ते, लांडगा कसा वाऱ्याच्या उलट्या अंगानं यायचा ते. आणि बोलता बोलता त्याला चमत्कारिक वाटायचं, की ज्या गोष्टी त्यानं त्या नावाच्या बाईला उभ्या जन्मात सांगितल्या नव्हत्या त्या तो आता तेच नाव घेऊन सांगतोय. लेकरू कधी त्याच्या मिशीकडं बघायचं, क्षणभर, आणि नजर निसटायची. एकदा नजर टिकली. टिकली म्हणजे खरीच टिकली. ते काळे डोळे त्याच्या तोंडावर आले आणि तिथंच राहिले, आणि त्याला वाटलं आत कुणीतरी उठून दाराशी आलंय. त्याच्या छातीत एवढं भरून आलं की बोलणंच थांबलं, आणि थांबलं तशी ती नजर गेली. त्यानंतर तो भरून आलं तरी बोलत राहायला शिकला. सुरजही घरी आला की बापापुढंच तिला मांडीवर घ्यायचा, ‘कासू’ म्हणायचा, त्यापुढं त्याची मजल जात नव्हती. रुपाली बोलायची, हसायची, पदर खांद्यावर आला तरी तिला भान नसायचं; पण नाव मात्र नाही. सासूचं नाव घ्यायला तिची जीभ वळत नव्हती, आणि मुंजाजीनं तिला त्याबाबत कधी टोकलं नाही.

संक्रांत चार दिवसांवर आली होती. दुपारची वेळ. मुंजाजी बाजेच्या कडेला टेकून ओला हरभरा सोलत होता. नात गोधडीवर पालथी पडली होती, तोंड भिंतीकडं, मुठीत गोधडीचा कोपरा. डॉक्टरकडं जायचं ते सगळ्यांच्याच मनात होतं आणि कुणी काढत नव्हतं. रुपाली आत तीळ भाजत होती. खमंग वास सुटला होता. आणि तीळ ढवळता ढवळता, कदाचित तिच्याही ध्यानात न येता, तिनं आतूनच हाक मारली, सगळ्या आवाजानं, जशी घरातल्या बाईला घरातली बाई मारते तशी.

“कासाबाई, ए कासाबाई, काय करायलीस गं?”

लेकराची मूठ थांबली. डोकं वर झालं, डुगडुगलं, तिनं ते कसंबसं तोललं. मग ती वळली. सगळा जोर मानेत आणून, भिंत सोडून, खोली ओलांडून, आवाज आला त्या दाराकडं ती वळली आणि बघत राहिली, आणि तिच्या तोंडातून “अं” असा आवाज निघाला, विचारल्यासारखा. आतलं उलथनं थांबलं. रुपाली दारात आली होती, तोंडावर हात ठेवून. मुंजाजीला कळलं की तोही त्या दाराकडंच वळून बघतोय, सोललेले दाणे मांडीवरून सांडून, अगदी तसाच. सुरजच्या मायचा उभा जन्म या माणसांत गेला होता आणि या माणसांत तिला नावानं कुणी कधी हाक मारली नव्हती. आज मारली होती, आणि त्या नावाला ओ मिळाली होती.

मुंजाजी बोलला तेव्हा अगदी हळू बोलला, लेकराची नजर मोडू नये म्हणून.

“अजून एकदा मार हाक, पोरी.”